स्टिअरिक आम्लाचा आयसोथर्म दर वेळी वेगळा येतो: दोष शोधण्याचा क्रम

लँगम्यूर ट्रफमधील, म्हणजे पसरट उथळ भांड्यातील, पाण्यावर मेदाम्लाचा एकरेणवीय थर पसरायचा, बॅरिअर (पृष्ठभागावरून सरकणारे आडवे अडसर) हळूहळू जवळ आणायचे आणि प्रतिरेणू क्षेत्रफळाप्रमाणे पृष्ठदाब (थरामुळे पाण्याचा पृष्ठताण जितका घटतो तितका) कसा बदलतो याचा समतापी वक्र, म्हणजेच आयसोथर्म, काढायचा हा या विषयातील पहिला धडा. त्यासाठी बहुतेक ठिकाणी स्टिअरिक आम्ल निवडले जाते, कारण ते स्वस्त आहे, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्याचा वक्र सर्वांच्या परिचयाचा आहे. तरीही आमच्या प्रयोगशाळेतील ट्रफची देखभाल माझ्याकडे आल्यापासून सर्वांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार याच सोप्या धड्याबद्दलची आहे: काल वक्र चांगला आला होता, आज तोच विद्यार्थी, तेच द्रावण आणि तोच ट्रफ असूनही तो जुळत नाही. हा दोष मी इतक्या वेळा शोधला आहे की त्याचा क्रम आता ठरून गेला आहे. तो क्रम येथे कारणांसह देत आहे.

आधी चांगला वक्र कसा असतो ते नजरेसमोर ठेवावे. ट्रफमधील पाण्यात (आम्ही त्याला सबफेज म्हणतो) ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल असेल आणि तापमान २० ते २२ अंश सेल्सिअस असेल, तर प्रतिरेणू क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस अँगस्ट्रॉमपर्यंत खाली येईस्तोवर पृष्ठदाब शून्याजवळ सपाट राहतो. २४-२५ च्या आसपास तो वर उचलला जातो. या टप्प्यात रेणूंच्या साखळ्या दाटीने पण तिरक्या उभ्या असतात. दाब २५ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या जवळ पोहोचला की वक्रात एक स्पष्ट मोड दिसतो, साखळ्या सरळ होतात आणि तेथून रेषा जवळजवळ उभी चढते. हा उभा भाग खाली शून्य दाबापर्यंत वाढवला की तो २० चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास टेकतो. दाब ५० च्या पुढे गेल्यावर केव्हातरी थर कोसळतो, म्हणजे एका रेणूच्या जाडीचा न राहता रेणू एकमेकांवर चढतात; नेमका केव्हा, हे दाबण्याच्या वेगावरही अवलंबून असते, म्हणून कोसळण्याच्या आकड्यावरून दोषाचे निदान करू नये.

लक्षणे

वक्र बिघडतो म्हणजे तो पाचांपैकी एका प्रकारे बिघडतो. कोणत्या प्रकारे, हे ओळखण्यातच अर्धे काम होते.

पहिला प्रकार म्हणजे ३० किंवा ४० चौरस अँगस्ट्रॉमलाच दाब हळूहळू चढू लागतो आणि सपाट भागाला उतार येतो. दुसऱ्या प्रकारात वक्राचा आकार अगदी बरोबर असतो, पण सगळा वक्र उजवीकडे, म्हणजे जास्त क्षेत्रफळाकडे, सरकलेला असतो. तिसऱ्यात तो डावीकडे सरकलेला असतो. कधी कधी तर उभा भाग १७ किंवा १६ वर येतो. चौथ्यात २५ मिलिन्यूटनचा मोड नाहीसा होतो आणि दाब एकदम २०-२१ चौरस अँगस्ट्रॉमवरून सरळ चढतो. पाचव्यात पहिला वक्र बरा येतो, पण बॅरिअर उघडून पुन्हा दाबले की दुसरा त्याच्या डावीकडे पडतो आणि तिसरा त्याच्याही डावीकडे.

वक्र घेऊन कोणी आले की मी प्रथम विचारतो की बिघाड नेमका कोठे सुरू झाला. "नीट येत नाही" एवढ्या वर्णनावरून ट्रफ धुवायला घेणे, नवे आम्ल मागवणे आणि पाणी बदलणे हे सगळे एकाच दिवशी केले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि महिन्याभराने तो परत येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिली तपासणी: पट्टी आणि शून्य

याला खर्च नाही आणि फारसा वेळही लागत नाही. विल्हेल्मी पट्टी (यंत्राच्या तराजूच्या हुकाला टांगलेली पातळ पट्टी; तिच्यावरील पाण्याच्या ओढीवरून पृष्ठताण मोजतात) पाण्याला टेकवून कोऱ्या पाण्याचा पृष्ठताण पाहावा. २० अंशांना तो ७२.८ आणि २५ अंशांना ७२.० मिलिन्यूटन प्रति मीटर असायला हवा. यंत्र ६८ किंवा ६९ दाखवत असेल, तर पुढच्या कोणत्याही वक्रावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. दाबाचे माप म्हणजे कोऱ्या पाण्याच्या ताणातून थराचा ताण वजा करणे, आणि वजाबाकीची पहिली संख्याच चुकलेली आहे.

प्लॅटिनमची पट्टी असेल तर ती नीट भिजते का ते पाहावे. तिच्यावर चरबीचा अंश असला की पाणी तिला शून्य अंशाच्या कोनात चिकटत नाही, ओढ कमी नोंदली जाते आणि यंत्राला ती वाढलेल्या पृष्ठदाबासारखी दिसते. ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून ती साफ होते. मी स्वतः मेदाम्लांसाठी गाळणकागदाची पट्टी पसंत करतो, कारण कागद पूर्ण भिजतो आणि रोज नवा वापरता येतो. मात्र नवा कागद पाणी शोषत असताना जड होत जातो, म्हणून तो १५ ते २० मिनिटे भिजू द्यावा आणि मगच शून्य ठरवावे. हा वेळ वाचवण्याच्या नादात बिघडलेले वक्र मी कितीतरी पाहिले आहेत.

यातच बाष्पीभवनाचाही विचार करावा. पाण्याची पातळी खाली गेली की पट्टीचा बुडालेला भाग कमी होतो, उत्प्लावन घटते आणि दाब उणे दिशेला सरकतो. ०.२ मिलिमीटर जाडीच्या पट्टीसाठी पातळी १ मिलिमीटर उतरली तर हा सरकाव जवळपास १ मिलिन्यूटन प्रति मीटर येतो; पट्टीची रुंदी कितीही असली तरी तेवढाच. उन्हाळ्यात एसीचा झोत थेट ट्रफवर येत असेल, तर तासाभराच्या प्रयोगात हे सहज जाणवते. झोताची दिशा बदलणे आणि ट्रफवर झाकण ठेवणे हे दोन्ही उपाय फुकटचे आहेत.

दुसरी तपासणी: थर न पसरता दाबून पाहणे

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटतात, म्हणून हिच्यावर जरा जास्त थांबतो.

ट्रफ भरावा, बॅरिअर उघडे ठेवावेत आणि काहीही न पसरता ते पूर्ण बंद करावेत; या कोऱ्या फेरीला आम्ही ब्लँक म्हणतो. दाब ०.२ ते ०.३ मिलिन्यूटन प्रति मीटरपेक्षा जास्त चढला, तर पृष्ठभाग मळलेला आहे. व्हॅक्यूमला जोडलेल्या काचेच्या पिपेटचे टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवून, बंद बॅरिअरमधील मळ शोषून घ्यावा, बॅरिअर उघडावेत, पाण्याची पातळी पूर्ववत करावी आणि पुन्हा दाबावे. तीन-चार फेऱ्यांत दाब सपाट झाला पाहिजे.

पृष्ठभाग झाडून घेण्याची ही युक्ती या विषयाइतकीच जुनी आहे. ब्राउनश्वाइगमध्ये घरकाम सांभाळत स्वयंपाकघरात प्रयोग करणाऱ्या आग्नेस पॉकेल्स यांनी पत्र्याच्या पसरट भांड्यात आडवी पट्टी सरकवून पाण्याचा पृष्ठभाग झाडण्याची आणि त्याचे क्षेत्रफळ कमी-जास्त करण्याची रीत बसवली होती. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी त्यांचे पत्र पुढे पाठवले आणि ते १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. लँगम्यूर यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९१७ चा. म्हणजे आधुनिक ट्रफ तयार होण्यापूर्वीच, पृष्ठभाग स्वच्छ नसेल तर मोजमापाला अर्थ नाही, हे या बाईंनी स्वयंपाकघरातल्या साधनांनिशी ओळखले होते. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि ब्लँक न काढता थर पसरणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्यांची गोष्ट आवर्जून सांगतो.

एवढी काटेकोर स्वच्छता कशाला, याचे उत्तर साध्या हिशोबात आहे. २४० चौरस सेंटीमीटरचा ट्रफ प्रतिरेणू २० चौरस अँगस्ट्रॉमने पूर्ण झाकायला स्टिअरिक आम्लाचे सुमारे १.२ गुणिले १०चा १७वा घात इतके रेणू लागतात आणि त्यांचे वजन ५७ मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते. एक टक्का मळ म्हणजे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा किंचित जास्त. केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा अंश बोटावर असतो, त्यातला नगण्य भागही याहून अधिक आहे. म्हणून ट्रफच्या कडेला उघडे बोट लागू देऊ नये, आणि हातमोजे घातले तरी त्यांच्यावरील भुकटी व साबणाचा अंश आधी स्वच्छ पाण्याने धुवावा.

शोषून घेतल्यावर लगेच ब्लँक चांगला येतो, पण २० मिनिटे थांबून घेतला की बिघडतो, असेही होते. हे लक्षण फार उपयोगी आहे. याचा अर्थ पृष्ठभाग आधीपासून मळलेला नव्हता, तर मळ कोठून तरी सतत येत आहे: पाण्यातून, ट्रफच्या भिंतींतून किंवा हवेतून. झाकण ठेवून पुन्हा २० मिनिटांचा ब्लँक घ्यावा. झाकणाने फरक पडला, तर दोष हवेत आहे. आमच्याकडे एकदा तीन आठवडे सकाळचे सगळे वक्र बिघडत होते आणि दुपारचे नीट येत होते. सकाळी साडेनऊला फरशी फिनाईलने पुसली जात असे, एवढेच कारण निघाले. आता त्या खोलीत फक्त साध्या पाण्याने पुसतात आणि खिडकीखालच्या कँटीनमध्ये फोडणी पडण्याच्या वेळेला खिडकी बंद असते.

झाकणाने फरक पडला नाही, तर पाण्याकडे वळावे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. शुद्धीकरण यंत्रावर १८.२ मेगाओम-सेंटीमीटर हा आकडा दिसला की पाणी निर्दोष आहे असे धरले जाते. तो आकडा फक्त आयनांबद्दल सांगतो. विद्युतभार नसलेले सेंद्रिय पदार्थ, प्लॅस्टिकच्या कॅनमधून झिरपलेली द्रव्ये किंवा जुन्या रेझिनमधून सुटलेले अंश त्यात दिसत नाहीत, आणि पृष्ठभागावर नेमके तेच येऊन बसतात. स्वस्त चाचणी अशी की काचेच्या अत्यंत स्वच्छ, बूच असलेल्या नळकांड्यात अर्धे पाणी घेऊन जोरात हलवावे; बुडबुडे क्षणात फुटले पाहिजेत. ते दोन-तीन सेकंद रेंगाळले, तर त्या पाण्यावर प्रयोग करू नये. पाणी नेहमी ताजे काढावे, पहिले एक-दोन लिटर सोडून द्यावे आणि कॅनमध्ये साठवलेले वापरू नये.

तिसरी तपासणी: हिशोब आणि द्रावणाची बाटली

ब्लँक स्वच्छ आहे, वक्राचा आकार बरोबर आहे, मोडही २५ मिलिन्यूटनलाच आहे, पण वक्र सरकलेला आहे, अशा वेळी ट्रफला हात न लावता वहीकडे वळावे. बिघडलेल्या वक्राच्या क्षेत्रफळाच्या सर्व आकड्यांना एकाच संख्येने गुणावे किंवा भागावे आणि तो चांगल्या वक्रावर तंतोतंत बसतो का ते पाहावे. बसला, तर चूक रेणूंच्या संख्येत आहे. ती संहतीची, आकारमानाची किंवा हिशोबाची असणार. पाण्यातील दोषाने किंवा मळाने वक्राचा आकार बदलतो, त्यामुळे तो असा एका गुणकाने जुळत नाही. ही चाचणी संगणकावर दोन मिनिटांत होते, आणि कोणत्याही रसायनाची बाटली उघडण्यापूर्वी ती करावी.

स्टिअरिक आम्लाचे रेणूभार २८४.४८ धरावे. एका विद्यार्थ्याने बाटलीवरचे नाव न वाचता सोडियम स्टिअरेटचे ३०६.४६ धरले होते, त्यामुळे २० चौरस अँगस्ट्रॉमच्या जागी २१.५ येत होते, आणि आम्ही दोन दिवस ट्रफ धूत बसलो. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे ३० मायक्रोलिटर २४० चौरस सेंटीमीटरवर पसरले, तर सुरुवात सुमारे ३८ चौरस अँगस्ट्रॉमवर होते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा आणि संगणक सुरुवातीला जे क्षेत्रफळ दाखवतो त्याच्याशी ताडून पाहावा.

हिशोब बरोबर असूनही वक्र उजवीकडे असेल, तर संशय बाटलीवर घ्यावा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बूच सैल असलेल्या बाटलीतून तो सहज उडतो. १० टक्के द्रावक उडाला, तर संहती ११ टक्क्यांनी वाढते आणि २० च्या जागी २२.२ दिसू लागते. विद्यार्थी म्हणतो की तेच द्रावण आहे, पण ते आता तेच राहिलेले नसते. बाटलीवर भरण्याची तारीख आणि द्रवाच्या पातळीची रेघ असावी, बाटली प्रत्येक वेळी तोलून ठेवावी, गडद काचेच्या बाटलीत थंड जागी ठेवावी आणि उघडण्यापूर्वी तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. थंड बाटली लगेच उघडली, तर हवेतील बाष्प आत जाऊन बसते, विशेषतः पावसाळ्यात.

द्रावण काढायला काचेची सूक्ष्म सिरिंज वापरावी. प्लॅस्टिकच्या टोकातून क्लोरोफॉर्म घेतला, तर तो प्लॅस्टिकमधील मिश्रके बरोबर आणतो आणि पहिल्या लक्षणातला उतार परत येतो. क्लोरोफॉर्मची सर्व कामे धूरकक्षातच करावीत. फक्त थेंब पसरण्याचे काम ट्रफजवळ, हवा खेळती ठेवून करावे. उरलेले द्रावण हॅलोजनयुक्त टाकाऊ द्रावकांच्या डब्यातच जावे, बेसिनमध्ये नव्हे.

चौथी तपासणी: थेंब कसा सोडला

वक्र डावीकडे गेला असेल, तर आधी स्वतःच्या हाताकडे पाहावे. क्लोरोफॉर्मची घनता १.४९ आहे, म्हणजे तो पाण्याहून बराच जड आहे. थेंब उंचावरून पडला, तर तो पृष्ठभागावर न पसरता मण्यासारखा तळाशी जाऊन बसतो आणि त्यातील रेणू मोजणीतून जातात. बाजूने टॉर्च मारली तर टेफ्लॉनच्या ट्रफच्या तळाशी असा मणी चमकताना दिसतो. सुईच्या टोकावर छोटा थेंब लोंबू द्यावा, तो पाण्याला जेमतेम टेकवावा, पसरू द्यावा, आणि पुढचा थेंब दुसऱ्या जागी सोडावा. सगळे द्रावण पसरेपर्यंत दाब शून्याजवळ राहिला पाहिजे. आधीच दाटलेल्या पृष्ठभागावर थेंब सोडले, तर आम्लाचे बारीक स्फटिक तयार होतात आणि ते नंतर थरात परत येत नाहीत.

पसरल्यावर १० ते १५ मिनिटे थांबणे आवश्यक आहे, कारण द्रावक पूर्ण उडून जायला हवा. त्याहून खूप जास्त थांबण्यात फायदा नाही. तेवढ्या वेळात हवेतला मळ येऊन बसतो.

डावीकडे सरकलेल्या वक्राबाबत एक मर्यादा लक्षात ठेवावी. पूर्ण सरळ उभ्या, घट्ट बसलेल्या साखळीला स्वतःला सुमारे १८.५ चौरस अँगस्ट्रॉम जागा लागतेच. उभा भाग १७ किंवा १६ वर आला, तर रेणू आक्रसले असे नव्हे, ते पृष्ठभागावर नाहीतच. ते तळाशी आहेत, सिरिंजमध्ये आहेत, बॅरिअरखालून पळाले आहेत किंवा विरघळले आहेत. "माझे आम्ल वेगळे असेल" असे म्हणणाऱ्याला हा एक आकडा पुरेसा आहे.

पाचवी तपासणी: पीएच आणि कॅल्शियम

२५ मिलिन्यूटनचा मोड नाहीसा झाला असेल, तर पाण्यात द्विसंयुजी धातूंचे आयन आहेत असे समजावे. निव्वळ पाण्याचा पीएच हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास येतो. या पीएचला पृष्ठभागावरील मेदाम्लाचा काही अंश आयनरूपात असतो आणि कॅल्शियम मिळाले की त्याला बांधला जातो. थर घट्ट होतो, तिरक्या साखळ्यांचा टप्पाच उरत नाही आणि वक्र एकदम उभा चढतो. लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३५ मध्ये काचेवर एकावर एक थर चढवले ते कॅल्शियम स्टिअरेटचे होते. म्हणजे त्यांनी जाणूनबुजून केलेली गोष्ट आपल्या ट्रफमध्ये नकळत घडते.

कॅल्शियम येते कोठून? लिटरमागे ५० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम ०.५ मिलिमोलर असते, आणि बोअरच्या पाण्यात याच्या कितीतरी पट. चंचुपात्र नळाखाली धुऊन तसेच वाळवले, तर त्यावर राहिलेला पांढरा थर पुढच्या सबफेजमध्ये उतरतो. थर काचेवर चढवण्यासाठी आपण कॅडमियमचे क्षार सहसा मिलिमोलरच्या काही दशांशांइतकेच घालतो, हे लक्षात घेतले की अशा थोड्याशा अवशेषाचे महत्त्व पटते.

तपासणी सोपी आहे. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या पाण्यावर वक्र काढावा. पीएच २ ला मेदाम्ल आयनरूपात जवळजवळ नसतेच, त्यामुळे कॅल्शियम त्याला धरू शकत नाही. मोड परतला, तर दोष आयनांचाच होता. मग सर्व काचसामान शुद्ध पाण्याने शेवटची विसळणी करूनच वापरावे. मोड परतला नाही, तर तापमान आणि आम्लाची शुद्धता पाहावी.

पीएच उलट दिशेला, ९-१० च्या वर, गेला तर मेदाम्लाचा साबण होतो, थर फुगतो आणि विरघळू लागतो. ट्रफ धुताना वापरलेला क्षारधर्मी साबण पूर्ण निघाला नसेल, तर हेही घडते. चौदा कार्बनच्या मिरिस्टिक आम्लाला हा त्रास फार लवकर होतो आणि बारा कार्बनचे लॉरिक आम्ल तर आम्लधर्मी पाण्यातही टिकून राहत नाही. म्हणून त्यांचे वक्र स्टिअरिकच्या मापाने तोलू नयेत. मिरिस्टिकच्या वक्रातला आडवा पट्टा तापमानाबरोबर वर सरकतो, त्यामुळे त्याच्याबाबत अर्ध्या अंशाची नोंदही महत्त्वाची ठरते.

सहावी तपासणी: गळती की संथ कोसळणे

पाचवे लक्षण, म्हणजे दर फेरीला डावीकडे सरकणारा वक्र, सर्वांत जास्त गोंधळात टाकते. त्याची तीन कारणे असू शकतात: बॅरिअरखालून गळती, पाण्यात विरघळणे, किंवा थराचे हळूहळू स्फटिकांत रूपांतर होणे. तिसरे कारण हा दोष नव्हेच. स्टिअरिक आम्लाचा स्फटिक पाण्यावर ठेवला, तर तो स्वतःहून फक्त काही मिलिन्यूटन प्रति मीटर दाबापर्यंतच पसरतो. त्याहून जास्त दाबाखालचा प्रत्येक थर तत्त्वतः अस्थिर असतो आणि संधी मिळाली की स्फटिक होऊ पाहतो. ४० मिलिन्यूटनला तासभर ठेवलेल्या थराचे क्षेत्रफळ घटले म्हणून यंत्राला दोष देऊ नये.

ही तीन कारणे वेगळी काढण्यासाठी थर २ ते ३ मिलिन्यूटनला धरून ठेवावा. या दाबाला स्फटिक होण्याची ओढ नसते. तरीही क्षेत्रफळ घटत राहिले, तर गळती आहे किंवा विरघळणे. मात्र इतक्या कमी दाबाला बाष्पीभवनाचा सरकाव निकालात मिसळतो, म्हणून झाकण ठेवावे आणि पातळी मोजून दुरुस्ती करावी. मग हीच चाचणी पीएच २ ला करावी. घट थांबली, तर विरघळणे होते. चालूच राहिली, तर गळती. गळतीचा थेट पुरावा हवा असेल, तर पट्टी बॅरिअरच्या पलीकडे, कोऱ्या बाजूला ठेवून थर दाबावा. पलीकडे दाब चढू लागला की शंका उरत नाही. बहुतेक वेळा पाण्याची पातळी ट्रफच्या कडेपेक्षा पुरेशी वर नसते, किंवा बॅरिअरखाली एखादा तंतू अडकलेला असतो. ट्रफ समपातळीत आहे का हे साध्या पाणसळीने तपासावे. दोन्ही गोष्टी घरच्या घरी सुटतात.

सातवी तपासणी: आम्लाची शुद्धता आणि पूर्ण धुलाई

हे खर्चिक आणि वेळखाऊ आहे, म्हणून शेवटी ठेवले. बाजारात स्टिअरिक आम्ल या नावाने मिळणाऱ्या मालात बहुधा पामिटिक आम्लाचाही मोठा वाटा असतो. वजनाने निम्मे-निम्मे मिश्रण असेल, तर वक्राचा आकार फारसा बदलत नाही, पण रेणू जास्त असल्यामुळे २० च्या जागी २१ येते. तिसऱ्या तपासणीतील गुणकाची चाचणी येथे फसवू शकते. ९९ टक्के किंवा अधिक शुद्धतेचेच आम्ल घ्यावे. असंपृक्त ओलिइक आम्लाचा अंश असेल, तर दाब लवकर चढतो. ओलिइक स्वतः ३० मिलिन्यूटनच्या आसपासच कोसळते, आणि हवेत ठेवले की त्याचे ऑक्सिडीकरणही होते.

टेफ्लॉनचा ट्रफ क्लोरोफॉर्मने भिजवलेल्या धागे न सुटणाऱ्या कागदाने, मग इथेनॉलने आणि मग भरपूर शुद्ध पाण्याने पुसावा, तोही धूरकक्षात. घासणी किंवा ब्रश कधीही वापरू नये. टेफ्लॉनला चरा पडला की त्यात मेदाम्ल बसून राहते आणि प्रत्येक प्रयोगात थोडे थोडे बाहेर येते.

येथे थांबावे

पट्टी काढून हुकाला १०० मिलिग्रॅमचे प्रमाणित वजन लावले, तर २०.४ मिलिमीटर परिघाच्या पट्टीसाठी यंत्राने सुमारे ४८.१ मिलिन्यूटन प्रति मीटर इतका फरक दाखवला पाहिजे. पुन्हा कॅलिब्रेट करूनही तो येत नसेल, किंवा वजन न लावताही आकडा भटकत असेल, तर दोष तराजूच्या संवेदकात आहे. तो उघडू नये. त्यातील तार किंवा संवेदक हाताने वाकला, तर दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. यंत्र पुरवणाऱ्याच्या सेवा-अभियंत्यालाच बोलवावे. बॅरिअर धक्के देत सरकत असतील किंवा दोन बॅरिअर एका वेगाने चालत नसतील, तेव्हाही हेच करावे. टेफ्लॉनला खोल चरा असेल, तर तो घरी घासून काढू नये, कारण सपाटपणा गेला की गळती कायमची होते.

शुद्धीकरण यंत्राचे पाणी बुडबुड्यांच्या चाचणीत दोनदा नापास झाले, तर काडतूस आणि अतिनील दिवा बदलण्यासाठी संबंधित तंत्रज्ञाला बोलवावे. त्यावर आणखी प्रयोग करण्यात दिवस घालवू नयेत.

सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाने काच धुण्याचा सल्ला कोणी दिला, तर प्रशिक्षण आणि सुरक्षा अधिकाऱ्यांची परवानगी यांशिवाय ते करू नये. सेंद्रिय द्रावकाचा थेंब राहिलेल्या भांड्यात ते मिश्रण ओतले, तर स्फोट होऊ शकतो. मेदाम्लाच्या कामासाठी त्याची गरजही क्वचितच पडते. क्लोरोफॉर्म सांडला आणि डोके जड वाटू लागले, तर प्रयोग तसाच सोडून खोलीबाहेर पडावे आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावे. कॅडमियमचे क्षार वापरून झालेला सबफेजही त्यांच्याच स्वाधीन करावा.